अकरा दगडांना ऑइलपेंट

६ जानेवारी
पंचायतीत कागद लागला, कन्नडमध्ये. बसच्या पाट्यांवर शिकलेलं माझं कन्नड. तीनदा वाचला. नवा रस्ता माळावरून जाणार. त्याआधी माळावरच्या जुन्या वस्तूंची पाहणी. तिथं आम्हा गोंडांच्या गेलेल्या माणसांचे अकरा दगड. सगळ्यात जुना तो थोरला, अकरावा ह्यांचा. चार वर्षं झाली. अजून खरबरीत आहे.

९ जाने.
दरवर्षी चुना लावतो. यंदा साहेब येणार म्हणून जरा चांगला रंग देऊ, असं मीच सुचवलं. तुकाभाऊजी (धाकटे दीर) भालकीहून पांढऱ्या ऑइलपेंटचे डबे घेऊन आले. दिवसभर आम्ही बायका रंगवत होतो.
गंगाक्का म्हणाली, "लग्नाला नटल्यावानी दिसायलेत की मेले."
"मेलेच हायत की गं."
हसलो. ह्यांना दोन हात दिले.

१५ जाने.
पाहणीवाला आला. रस्त्याच्या कंपनीनंच नेमलेला. फोटो काढले, रंगावर नख ओढून बघितलं, वहीत काही लिहिलं. आम्ही सगळे उभे होतो. कुणालाही काही विचारलं नाही. चहाही घेतला नाही.

२ फेब्रुवारी
अहवाल. "अलीकडचे, नुकतेच रंगवलेले दगड. जतनाची गरज नाही."
रंग माझ्या डोक्यातून आला.

३ फेब्रु.
भाऊजींबरोबर तालुक्याच्या कचेरीत. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. हरकत द्या म्हणाल्या, जिल्ह्याचा माणूस पुन्हा पाहील. पण एक तरी दगड खरवडून खालचं जुनं कोरीव काम दाखवावं लागेल. जुना ठरला तर माळाला कुंपण पडेल. मग चुना बंद, नवा दगडही बंद.
म्हणजे माझा दगड ह्यांच्या शेजारी…
भाऊजी बाहेर येऊन म्हणाले, "कंपनीनं बघितलं तर दगड जाणार, सरकारनं बघितलं तर आपण. कुणाकडं जायचं वैनी?"
मी परत आत गेले. हरकतीत एक ओळ वाढवली: पाहणी आमच्या ग्रामसभेच्या देखरेखीखाली व्हावी. बाईंनी वाचलं. "असं होत न्हाई, अक्का." पण खोडलं नाही. शिक्का मारला.

१० फेब्रु.
ग्रामसभा. खूप आवाज.
गंगाक्का: "ज्याच्या घरचा दगड त्यानंच हात लावायचा. थोरल्या दगडाच्या घरात कोण उरलंय?" कुणीच नाही. आणि कोरीव काम त्याच्यावरच आहे, हे सगळ्यांना ठाऊक.
भाऊजी: "वैनी, तुमी वाचता. तुमीच सांगा."
मी म्हटलं, देखरेख आपली असेल तर सगळ्यांनी मिळून खरवडू. नसेल तर हात लावू द्यायचा नाही.
"आन् मग रस्ता आला तर?" मागून कुणीतरी.
ठराव झाला. देखरेखीला माझं नाव घातलं. ह्यांचं असायला हवं होतं.

२१ फेब्रु.
चिठ्ठी आली. जिल्ह्याचे साहेब उद्या अकरा वाजता. देखरेखीबद्दल एक शब्द नाही. ग्रामसभेचं नाव कुठंच नाही. उलटून मागची बाजूही बघितली.
दुपारी एकटीच माळावर गेले. थिनर आणि काथ्या घेऊन. ह्यांच्या दगडावर माझा हक्क आहे, त्याला कुणाला विचारायचं नाही. तळव्याएवढी जागा घासली. ऑइलपेंट निघतो. खाली चुना आला, तिथं थांबले. त्यातला पहिला हात मी दिला होता, त्या वर्षी. थोरल्याच्या अंगावर असे किती असतील, कुणी कुणी दिलेले.
तर निघतं. हे अजून भाऊजींनाही सांगितलं नाही.
पिशवीत ठरावाची नक्कल ठेवली आहे आणि थिनरची बाटली. साहेबांनी आधी विचारलं तर ठीक. न विचारता थोरल्याकडे वळले, तर मी मध्ये उभी राहीन एवढं ठरलंय. आणि ते म्हणाले, मग तुमचं राहू द्या, आम्ही निघतो, तर बाटली मीच उघडायची की नाही, ते अजून ठरत नाही.