शांतानं नाही म्हटल्यावरही

प्रिय दादा,

शांता काल ऊसतोडीवरून परत आली, म्हणून आज लिहायला बसले. तू गेलास तेव्हा ती कारखान्यावर होती. गावात पाय ठेवल्यावरच तिला कळलं.

किती वर्षं तिच्या मागं मागं केलंस रे! ती हंगामाला गेली की तिच्या शेळ्या तू राखायचास. तिचा ट्रॅक्टर शिरूरकडून यायच्या आधीच तू दाढी करून, धुतलेला सदरा घालून फाट्यावर उभा! लोक हसायचे. मी खाली मान घालून पाणी भरायचे. लई थकले होते रे त्या हसण्याला.

बरं, तिनं तुला कधी झुलवलं का? माझ्यासमोरच म्हणाली होती, "अण्णा, तुमी माणूस लई चांगले हाव. पण मालक गेले तवाच माझं मन विटलं. मला पुन्हा संसार न्हाई करायचा." अण्णा म्हणाली ती तुला! आणि तू घरी येऊन काय म्हणालास? "मंदे, आज ती लई वेळ बोलली."

चकलांब्याचं स्थळ मी किती खटपटीनं आणलं होतं. हसरी, कष्टाळू बाई. ती चहा घेऊन आली अन् तू उठलास. "शेळ्या उपाशी हायेत." काहून असं केलंस? तिच्या वडिलांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

यंदा माळावरच तुझ्या छातीत कळ आली, अन् गावानं सगळा दोष शांतावर टाकला. म्हणे, हिच्यापायी झुरून गेला!

काल ती दारात आली तेव्हा शेजारणी कुजबुजायला लागल्या. ती उंबऱ्यालाच बसली. डोळे कोरडे.

"ताई, म्या त्यांना सारखं न्हाईच म्हनले. पण माणूस मायाळू व्हता. आता रडू तर कोणत्या नात्यानं रडू?"

मी तिच्याजवळ उंबऱ्यालाच बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला. "नातं कशाला पाहिजे? रड."

लई रडली बिचारी.

दादा, आता कुणी तिला बोल लावला तर पहिलं उत्तर मी देईन, हा माझा शब्द. तुझ्यावरचा राग मात्र सोडीन असं म्हणत नाही. तो राहू दे थोडा.

तुझी धाकटी,
मंदा