पाच नंबरचा हलका चढ

३ मार्च, रविवार

सायकल मंडळाच्या पुस्तिकेचं काम काल माझ्याकडे आलं. ‘तळ्यांकाठचे बारा शांत रस्ते’. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही कॉलेजच्या लायब्ररीत, शुद्धलेखन चांगलं, शिवाय वेळही असेल. ‘वेळही असेल’ हे जरा लागलं. तरी होकार दिला. मात्र स्वतःला एक अट घातली आहे : जो रस्ता मी स्वतः सायकलवरून पाहिला नाही, त्याबद्दल एक ओळ लिहायची नाही. हल्ली लोक नकाशा समोर ठेवून सर्रास लिहितात. वाचणारा बिचारा त्या भरवशावर घराबाहेर पडतो.

आज एक नंबर. तळ्याला पूर्ण फेरी, अठरा किलोमीटर. वाटेत चार वाहनं, त्यातला एक ट्रॅक्टर. पुलानंतरच्या चढावर उतरून चालत गेलो. हे ‘सायकलवरून’ मध्ये बसतं का? बराच विचार केला. बसतं. सायकल सोबत होती.

१० मार्च, रविवार

पाच नंबर. धरणाजवळच्या पार्किंगपासून खिंडीपर्यंत सात किलोमीटर चढ, मग पलीकडे वरचं तळं. दुसऱ्या वळणावरून परत फिरलो. गिअर नीट पडत नव्हता. सायकलवाल्याने तपासून सांगितलं, गिअर झकास आहे साहेब, पायांचं बघा. उद्धट माणूस.

एक मात्र लक्षात आलं. चढताना माणसाची नजर पुढच्या चाकावर खिळलेली असते, आजूबाजूचं काही दिसत नाही. खरं निरीक्षण उतरतानाच होतं. बायकोला म्हटलं, पुढच्या रविवारी मला गाडीने खिंडीपर्यंत सोड. ही म्हणाली, मग सायकल तरी कशाला, तेवढीच गाडीत जागा होईल.

१७ मार्च, रविवार

अप्रतिम. खिंडीतून दोन्ही तळी एकदम दिसतात, खालचं निळं, वरचं जवळजवळ काळं. ही मला सोडून निघून गेली आणि मी एकटा उतरलो. बावीस वळणं. झाडी, कुंपणापलीकडे गाई, एका घराच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरी. सात किलोमीटरमध्ये एकही गाडी नाही. संपूर्ण वेळ दोन्ही ब्रेक धरून होतो, त्यामुळे वेग अजिबात वाढला नाही. घरी येऊन लिहिलं, ‘हलका उतार’. ‘सौम्य’ की ‘हलका’ यावर अर्धा तास घालवला. ‘सौम्य’ औषधाला शोभतं.

बोटं अजून वळत नाहीत.

२१ मार्च, गुरुवार

सेक्रेटरींचा निरोप : सगळे रस्ते पार्किंगपासून सुरू व्हायला हवेत, लोकांना सोयीचं पडतं. म्हणजे पाच नंबर उलटा करायचा. लायब्ररी बंद झाल्यावर बसलो. जिथे डावीकडे तिथे उजवीकडे, जिथे उतार तिथे चढ. फार काळजीचं काम. तीनदा ताडून पाहिलं, एकही चूक नाही. ‘हलका चढ’. वाचायलाही बरं वाटतं.

रस्ता तोच, दिशा फक्त दुसरी. मनाला विचारलं, अट मोडली का? मनाने थोडा वेळ घेतला, पण नाही म्हणालं.

१४ एप्रिल, रविवार

पुस्तिका छापून आली. हातात धरली आणि उगाच पाठीचा कणा ताठ झाला. पहिली प्रत दादाला. त्याच्या हृदयाच्या ऑपरेशनला आता सात महिने झाले. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आला, आणि आता स्वतःच्याच घराचा जिना मोजून चढतो. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली आहे : सपाट रस्ता, फार तर हलका चढ, नाडी एकशेवीसच्या वर नको. त्याने त्यासाठी वही केली आहे. प्रत चाळून म्हणाला, छान रे, आता मला कुणाला विचारत बसायला नको. वहिनी म्हणाली, घरचंच माणूस लिहिणारं, बरं झालं.

दिवसभर छाती भरून आल्यासारखी होती. आनंदानेच असणार.

१६ एप्रिल, मंगळवार

दादाचा फोन. रविवारी पाच नंबर करणार, एकटाच. वहिनीला बरोबर नको, ती गाडी घेऊन मागे मागे येते आणि हॉर्न वाजवते म्हणे. मग विचारलं, हलका म्हणजे हलकाच ना? मी म्हटलं, तसं लिहिलंय ना.

हे खोटं नव्हे. तसं लिहिलं आहेच.

१८ एप्रिल, गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून पाच नंबर खालून वर केला. केवळ खात्रीसाठी, मनात शंका अशी काही नव्हती. पहिल्या वळणापर्यंत सायकलवर. पुढे ढकलत. अकरा वेळा थांबलो. नवव्या वळणावर रस्ता भिंतीसारखा समोर उभा राहतो. उतरताना तो दिसला कसा नाही, कळत नाही. कदाचित तेव्हा डोळे मिटले असतील. खिंडीत पोचायला दोन तास दहा मिनिटं. तळी पाहिली नाहीत.

आज रात्री दादाला फोन करून स्पष्ट सांगायचं. काही झालं तरी.

१९ एप्रिल, शुक्रवार

काल केला नाही. आठ वाजले होते, तो लवकर झोपतो. आजारी माणसाची झोप मोडून त्याला सांगायचं काय, तर चढ जास्त आहे. आज दुपारी केला असता, पण लायब्ररीत परीक्षेची गर्दी. शिवाय नीट विचार केला तर मी काही मोजमाप नाही. मला अकरा थांबे लागले म्हणून त्याला लागतीलच असं कुठे आहे? तो पूर्वी माझ्यापेक्षा दणकट होता.

आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. ब्रेक धरून, गाडीतून वगैरे. तो हसला तर चालेल. तो गप्प बसतो तेव्हा मात्र मला काही सुचत नाही.

२० एप्रिल, शनिवार

सुवर्णमध्य सापडला. चार मसुदे खोडून शेवटी निरोप पाठवला : ‘पाच नंबरवर उद्या वारा असू शकतो. मन नसेल तर दोन नंबरही सुंदर आहे.’ यात सगळं आलं. समजून घेणारा समजून घेईल.

त्याचं उत्तर : ‘वारा चालेल. तुझं पुस्तक बरोबर घेतो.’

२१ एप्रिल, रविवार, सकाळी ७.१०

पहाटेपासून जागा. साडेसहाला फोन लावला, दादाचा बंद. वहिनी म्हणाली, तो सहालाच निघाला, फोन घरीच ठेवलाय, शांत रस्ता शांतपणे करणार म्हणे. तिने विचारलं, का रे, काही झालंय का? म्हटलं, नाही, सहज.

हिने ते ऐकलं. माझ्याकडे बघत राहिली. मग मी हिला सांगितलं, सगळं. हिने गाडीची किल्ली घेतली. मीही निघतो आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.००

नवव्या वळणावर सापडला. सायकल गवतात आडवी, तो कुंपणाला टेकून बसलेला, ओठ पांढरे. वही मांडीवर उघडी होती. एकशे अठ्ठावन्न, आणि त्याखाली पुन्हा मोजून एकशे बावन्न. शेवटचा आकडा नीट लागत नव्हता. हिने त्याला गाडीत निजवलं. मी सायकल उचलायला गेलो तर ही ओरडली, ती राहू दे, आत बस आधी.

हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, झटका नाही, पण आणखी दोन वळणं गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो. आजची रात्र तिथेच.

दादाने मला एकच विचारलं. तू हा चढ चढला होतास का? मी म्हटलं, हो, गुरुवारी. तो म्हणाला, लिहिण्याआधी? मी त्याला रस्ता उलटा कसा करावा लागला ते सांगू लागलो. पार्किंगचं, सेक्रेटरींचं. थोडं ऐकून त्याने डोळे मिटले. त्याला झोप आली असावी, औषधं होती.

वहिनी बाहेर बाकावर बसली होती. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली, शेजारी ठेवली, आणि स्वतः उठून नळावर जाऊन पाणी प्यायली.

२८ एप्रिल, रविवार

दादा घरी आला आहे. पुस्तिकेत चिकटवायला चिठ्ठी तयार केली : ‘पान १७ वर मुद्रणदोषामुळे तीव्र चढाऐवजी हलका चढ असे छापले गेले आहे.’ हिने वाचलं आणि ‘मुद्रणदोषामुळे’ वर काट मारली. म्हणाली, छापणारा बिचारा काय गाडीने गेला होता का खिंडीत?

सेक्रेटरींना भेटून सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, प्रामाणिकपणाचं थोडं तरी कौतुक होईल. त्यांनी विचारलं, बाकीच्या अकरांचं काय? मी म्हटलं, त्यातले सहा पक्के आहेत. ते म्हणाले, सहा. मग टेबलावरचा गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला. सगळ्या प्रती परत मागवणार आहेत.

मला हलकं वाटतंय, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, हा शब्द काही दिवस वापरू नकोस.

५ मे, रविवार

आज दादा आणि वहिनी जेवायला येणार. मधल्या दिवसांत मीच रोज फोन करत होतो. तो नीट बोलतो. नाडी सांगतो, झोप सांगतो. राग अजिबात नाही. मी पुन्हा एकदा माफी मागितली तर म्हणाला, झालं ते झालं, सोड. म्हणजे विषय संपला. माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

साडेदहाला त्याचाच फोन आला. त्या रविवारनंतर पहिल्यांदा. मला फार बरं वाटलं. विचारलं, तिकडे पाऊस आहे का रे, छत्री घेऊ का? मी खिडकीशी गेलो. पडदा सरकवला, तावदान उघडलं, हात बाहेर काढून बघितला. म्हटलं, नाही दादा, एकदम कोरडं आहे.

बरं, म्हणाला. मग म्हणाला, फोन जरा तिला दे.

हिच्याशी पथ्याचं वगैरे बोलायचं असेल म्हणून मी फोन देऊन स्वयंपाकघरात गेलो. दार उघडंच होतं. ही खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, नाही हो दादा, खरंच पडत नाहीये.