चौतीस तारीख

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील असं धरून चालते. मेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद निदान उघडावा तरी लागतो.

आई ठीक आहे. डावा गुडघा कुरकुरतो, आणि तो थांबला की ती स्वतः सुरू होते. परवा समोरच्या काकूंनी तिला विचारलं, "तुमची मुलगी नक्की करते तरी काय?" आईने नीट समजावून सांगितलं, "चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी सुतार, कोणी चोर. फासे टाकले की कळतं कोण वाचलं आणि कोण बुडालं. हिचं सॉफ्टवेअर त्यांचे नकाशे, माणसं, तारखा सगळं लिहून ठेवतं." काकू म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण लग्नाचं काय?" त्यावर आईला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. गॅसवर दूध नव्हतं.

कामाचं लिहिते. तुझ्या कानावर आलंच असेल. एक मार्चपासून सगळं ऑनलाइन जातं आहे. एकदा डाउनलोड करून कायमचा घरात ठेवायचा तुझा प्रोग्राम बंद होणार. खेळ आमच्या सर्व्हरवर राहणार आणि लोक दरमहा वर्गणी भरणार. जुना प्रोग्राम उघडताना एकदा आमच्याकडे विचारणा करेल आणि आम्ही 'नाही' म्हणू. तुला हे वाचून काय वाटेल ते मला माहीत आहे. तू कंपनी सोडून जाताना म्हणालास तेच वाटेल, की माणसाला त्याच्याच गोष्टीत भाडेकरू करून ठेवणार तुम्ही.

त्यावर आज वाद घालायचा नाही. मला तुझी मदत हवी आहे.

जुन्या फाइली नव्यात आणणारा भाग माझ्याकडे होता. गेले सात महिने मी तेच केलं. स्वतःहून खेळ पाठवणाऱ्या लोकांच्या अडीचशे फाइली तपासल्या, सगळ्या पास. मग मागच्या आठवड्यात, सहज म्हणून, आपली आणली. बाबांची.

सहज म्हणून नाही. हे वाक्य खोडत नाही, कारण खोडलेलं तू आधी वाचतोस. बाबा गेल्यापासून चार वर्षं ती फाइल उघडायची हिंमत नव्हती, कामाचं निमित्त मिळालं म्हणून उघडली.

सगळं होतं. घाटाचा नकाशा होता, त्यावर बाबांच्या सर्वेक्षणाच्या खुणा होत्या. तुझा लोहार, माझी वाटाडी, आईची ती वैदू, जी कोणालाच औषध द्यायची नाही, आधी भांडायची. सूत्रधाराची, म्हणजे बाबांची, शेवटची नोंद मात्र नव्हती. मी जुना प्रोग्राम उघडून पाहिला, तर तिथे होती. पाचवा महिना, चौतीस तारीख.

आता तुला कळलं असेल. बाबांचे महिने छत्तीस दिवसांचे. "एकतीस हा काय आकडा आहे? कशानेच भाग जात नाही. छत्तीस बघ, दोनाने, तिनाने, चाराने, सहाने, नवाने, बाराने," असं म्हणत त्यांनी मला भागाकार शिकवला होता. त्यांच्या बदल्यांपायी दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नाही. जी शाळा होती ती जेवणाच्या टेबलावर, त्याच खेळात. तू प्रोग्राम लिहिलास तेव्हा महिन्याचे दिवस किती, हे खेळणाऱ्यावर सोडलंस. लोकांनी काय काय केलं आहे! कोणाचा महिना चाळीसचा, कोणाचा पन्नासचा, एकीचा तर एकच महिना, तीनशे दिवसांचा.

आणि माझं नवं काम एकतीसच्या पुढच्या सगळ्या नोंदी गुपचूप टाकून देतं. ना सूचना, ना चूक दाखवणं. तपासणीही मीच लिहिली होती, तिलाही मी एकतीसच शिकवलं होतं, मग ती पास म्हणणार नाही तर काय?

तू विचारशील, साऱ्या इमारतीत छत्तीस दिवसांच्या महिन्यात वाढलेली तू एकटी, तुझ्याच हातून हे कसं? तुला आठवतं का, शाळेतला माझा पहिला आठवडा? बाईंनी विचारलं, महिन्याचे दिवस किती. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. वर्ग किती वेळ हसला ते मी तुला तेव्हा पाच मिनिटं सांगितलं होतं. बहुतेक अर्धा मिनिट असेल. त्या दिवसापासून महिना दिसला की माझा हात एकतीसवर थांबतो. विचार करायच्या आत थांबतो.

तुझ्या फाइलीत महिन्याची लांबी नेमकी कुठे लिहिली जाते ते मला सापडत नाही. सहा दिवस शोधते आहे. तू ते कुठेही टिपून ठेवलेलं नाहीस (हा आरोप नाही. थोडा आहे). बाकी काही लिहू नकोस हवं तर. तेवढं कळव.

आईने आशीर्वाद सांगितले आहेत. मी त्यात भर घातलेली नाही.

तुझी,
धाकटी

२१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पाकीट मिळालं. आत एकच कागद होता, पेन्सिलने आखलेले चौकोन, प्रत्येकात आकडे आणि शेवटच्या चौकोनाला दोनदा गोल. ना 'प्रिय', ना सही. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "अक्षर सुधारलंय." मग चष्मा काढून पुसत बसली, बराच वेळ.

महिन्याची लांबी दोनदा गोल केलेल्या चौकोनातच होती. दोन दिवसांत दुरुस्ती झाली. बाबांची चौतीस तारीख नव्यात आली.

इथे पत्र संपवता आलं असतं. तसं एक लिहिलंही होतं, आभाराचं, अर्ध्या पानाचं. पाकिटावर तिकीट लावलं आणि परत फाडलं. तुझी मदत मी एक गोष्ट झाकून घेतली आहे, आणि ती झाकून ठेवून आभार मानणं मला जमेना.

आधी मीटिंगचं सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे.

दुरुस्ती झाली तरी नव्या तपासणीला तीन आठवडे हवेत, आणि एक मार्च आठ-दहा दिवसांवर. सोमवारी मी उभी राहिले. (मी बसूनच बोलायचं ठरवलं होतं. पाय आपोआप उभे राहिले.) समोर विक्रीवाल्या बाई आणि उंट. हो, तुझा मित्र आता मालक झाला तरी सगळे त्याला तू ठेवलेल्या नावाने उंटच म्हणतात, तुझी कृपा. मी सांगितलं की चूक माझी आहे, तपासणी खोटी होती, तीही माझीच, आणि न तपासता आत्ताच बदल केला तर हजारो लोकांच्या गोष्टींमधले दिवस जातील, त्यांना कळणारही नाही.

बाई म्हणाल्या, "असे वेगळे महिने ठेवणारे किती आहेत? शंभरात सात. सातांसाठी त्र्याण्णव थांबवायचे?"

"हो," मी म्हणाले.

"आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केलं तर?"

"तोपर्यंत जुना प्रोग्राम उघडणार नाही. काय हरवलं ते बघायची जागाच राहणार नाही. शेवटच्या मंजुरीवर माझी सही लागते. मी ती करणार नाही."

"मग दुसरं कोणीतरी करेल."

"करू दे. मी त्याला आधी आमच्या घरची फाइल दाखवेन."

माझा आवाज चिरका झाला होता हे मला माहीत आहे. उंट हनुवटीला हात लावून बसला होता. मग मी दुसरं मागितलं. नवं येऊ दे, पण जुन्याने आम्हाला विचारणं बंद करावं. ज्याच्या संगणकावर तो आहे तिथे तो उघडत राहील, आम्ही असू नसू.

बाई उंटाकडे वळल्या. "जुनं फुकट चालू राहिलं तर वर्गणी कोण भरेल?"

उंट म्हणाला, "ज्यांचा संगणक उद्या बिघडणार आहे ते. म्हणजे सगळेच."

तारीख बावीस मार्च झाली. जुन्यातली विचारणा मी स्वतः काढली, तीन ओळी होत्या. पुढच्या कामाची जबाबदारी माझ्याकडून काढून घेतली आहे, ते योग्यच आहे. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते. वाटलं.

आता ते राहिलेलं.

तीन वर्षांपूर्वीची मीटिंग तुला आठवत असणारच. टेबलावर बारा पानांचं टिपण होतं, वर्गणीवर का जायला हवं याचं. तू शेवटचं पान उलटून विचारलंस, "हे कोणी लिहिलं?" उंट म्हणाला, "मी." तू त्याला काय काय बोललास. शाळेपासूनची मैत्री, आणि तू त्याला दुकानदार म्हणालास. त्याच दिवशी तुझं टेबल रिकामं झालं.

ते टिपण मी लिहिलं होतं.

त्या वर्षी लोकांच्या तक्रारींना उत्तरं मी देत होते. एका शिक्षिकेचा संगणक बंद पडला आणि आठ वर्षांचा खेळ गेला. तिच्या टेबलावरचा एक खेळाडू त्याच सुमारास वारला होता. तिने विचारलं होतं, त्याच्या माणसाचं नुसतं नाव तरी परत मिळेल का? मी लिहिलं, "क्षमस्व, फाइल फक्त तुमच्याच संगणकावर होती." अशी एकेचाळीस उत्तरं मी त्या वर्षी लिहिली. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. मग ते टिपण लिहिलं आणि उंटाला दिलं, म्हटलं, माझं नाव घालू नकोस, दादाला मी घरी सांगते. आठवडाभर रोज सांगणार होते. मीटिंग आली. तू विचारलंस तेव्हा मी समोरच्या पेल्याकडे बघत होते. त्यावर बोटांचे ठसे होते, चार. मी ते मोजले. तेवढ्यात उंट 'मी' म्हणाला, आणि मी त्याला म्हणू दिलं.

त्यानंतर त्याने मला एकदाही ऐकवलं नाही. या सोमवारी मी सगळ्यांसमोर तेही सांगितलं. तो म्हणाला, "बस आता खाली, पाणी पी. आणि मला नको सांगूस, त्याला सांग."

माझं मत बदललेलं नाही, दादा. त्या शिक्षिकेचा खेळ वाचायला हवा होता. तुझंही बरोबर होतं. ज्याची गोष्ट त्याच्या घरात राहायला हवी. तीन वर्षांपूर्वी मी तोंड उघडलं असतं तर तू माझ्याशी भांडला असतास. घरातच भांडलो असतो, आईने मध्ये पडून दोघांना गप्प केलं असतं, आणि कदाचित त्या तीन ओळी कोणी लिहिल्याच नसत्या. माझ्या गप्प बसण्याने तुझा मित्र गेला आणि तुझं काम गेलं. माफी मागते. ती देण्याची घाई नाही, पण उंटाला फोन करायची आहे. त्याचा नंबर तोच आहे.

सोबत एक छोटा ड्राइव्ह पाठवते आहे. त्यात बाबांची फाइल आहे आणि तुझा प्रोग्राम, कोणालाही न विचारता उघडणारा. ती नोंद मी इथेही उतरवते, ड्राइव्ह उघडायचा तू आळस केलास तर असू दे. बाबांच्याच शब्दांत आहे:

"पाचवा महिना, ३४. तिघे नदीकाठी. पूल तुटलेला. पलीकडे दिवा दिसतो, पण तो फक्त वाटाडीला दिसतो आणि ती बोलत नाही. बाकी रविवारी."

त्या रविवारी आपण हॉस्पिटलात होतो.

वाटाडी आता बोलली आहे. त्या नोंदीखाली बाबांनी नेहमीसारखी पुढची पाळी लिहिली आहे. लोहाराची.

वाट बघते.

तुझी,
वाटाडी