नावाखालची ओळ

२ जानेवारी
वाचनालयाच्या बैठकीतून आत्ताच आले. पाय सुजलेत. वर्धापनदिनाला, दारूतून आणि मनाच्या आजारातून बाहेर आलेल्या गावकऱ्यांचा शाल घालून सत्कार करायचा — ठराव माझाच. सेक्रेटरी कुर्याकोस म्हणाला, "टीचर, व्यासपीठावर येईल कोण?" म्हटलं, मी आणते. आजाराची लाज बाळगू नका, हे चाळीस वर्षं मीच तर माईकवरून ओरडतेय.

४ जानेवारी
वर्गीस लगेच हो म्हणाला. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, सहा वर्षं थेंब नाही. सरसम्मापाशी मात्र तीन तास बसले. बावीस वर्षांपूर्वी तिला हात बांधून दवाखान्यात नेलं होतं. आता अर्ध्या गावाचे ब्लाऊज तीच शिवते. शेवटी म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणून."

५ जानेवारी
बसने कोट्टयमला. माझ्या गोळ्या. दीड तास जायला, दीड यायला. इथल्या औषधाच्या दुकानातला जोमोन फार चौकशा करतो.

९ जानेवारी
कार्यक्रमाची नोटीस, म्हणजे पत्रिका, छापून आली. घरोघर वाटूनही झाली.
आमच्याकडे नावाखाली हुद्दा असल्याशिवाय नोटीस शोभत नाही. कुर्याकोसने प्रत्येकाला दिलाय. वर्गीस — माजी दारुडा. सरसम्मा — माजी मनोरुग्ण.
"मग काय लिहायचं होतं, टीचर? नुसतं नाव कसं दिसेल?" त्याला खरंच कळत नव्हतं.
वर्गीस हसला. "माजी आमदाराला पेन्शन असते. मला किती बसेल?"
प्रूफ मी तपासलं होतं. माझ्या नावाखालच्या पदव्या नीट आल्यात का, तेवढंच पाहिलं.

१० जानेवारी
सरसम्माने दार अर्धंच उघडलं. मुलीला बघायला येणार होते. येत नाही, असा निरोप आलाय. आवाजही चढवला नाही तिने.
"लोक विसरले होते, टीचर. तुम्ही आठवण करून दिलीत."


११ जानेवारी
दिवसभर पडून.

१३ जानेवारी
कार्यक्रम झाला. सरसम्माची खुर्ची रिकामी. वर्गीसने शाल घेतली, टाळ्या पडल्या. सरसम्मा मात्र मागे, दाराबाहेर उभी दिसली.
भाषण पिशवीतच राहिलं. नोटीस हातात घेतली, माझं नाव वाचलं. निवृत्त प्राध्यापिका. एम.ए., पीएच.डी. म्हटलं, खाली एक ओळ छापायची राहिलीय. साडेचार महिने मीही मनोरुग्णालयात होते. लोखंडी खाट, खिडकीजवळची. अजून रोज तीन गोळ्या घेते. आणि ते 'माजी' खोडा, माझ्यापुरतं तरी.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुर्याकोस पंख्याकडे बघत होता. दाराकडे पाहिलं तर सरसम्मा नव्हती.
थकले. इतकं लहान भाषण आयुष्यात केलं नव्हतं.

२ फेब्रुवारी
गोळ्या जोमोनच्या दुकानातून आणल्या. सरसम्मा बरोबर आली होती.