व्याह्यांची अघनाशिनी

शिरसी, कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप अक्कांना सुब्राय हेगडेचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो ना? तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी भागीरथी, मजेत आहे (निदान आज सकाळपर्यंत तरी).

आमच्या सिंधूराने आणि तिच्या सुमंतने घातलेली अट तुमच्या कानावर आली असेलच. लग्न कोणाच्या दारात, यावरून मी आणि मुलाचे वडील शंभू भट दोन महिने बोलत नव्हतो. पोरं म्हणाली, आधी दोघंही पाठीला सॅक लावा आणि चार दिवस आमच्याबरोबर अघनाशिनीच्या खोऱ्यातून चाला, मग साखरपुडा. (साठी उलटलेल्या माणसाला असं वैरीसुद्धा सांगत नाही.)

पहिल्याच दिवशी भटांच्या सॅकमध्ये अप्पेमिडीच्या कोवळ्या कैऱ्यांच्या लोणच्याची बरणी फुटली. तंबू, पांघरुणं, भटांची बंडी, सगळ्याला खार लागला आणि मुंग्या रांगेने आमच्या मागे. मी हसलो नाही. (झाडाकडे तोंड करून हसलो.) दुसऱ्या दिवशी मला जळवांनी धरलं. भटांनी न बोलता पानाची चंची काढली आणि होता नव्हता तो चुना माझ्या पोटऱ्यांना फासला. पुढे ते बिनचुन्याचं पान चघळत राहिले. संध्याकाळी ओढ्यात माझा पाय घसरला, तेव्हा कॉलर धरून वर ओढणारेही तेच. "हेगडे, तुम्ही वाहून गेलात तर मी भांडायचं कोणाशी?"

तिसऱ्या दिवशी वाट चुकली. सिंधूरा म्हणे उजवीकडे, सुमंत म्हणे डावीकडे. दोघं नकाशावरून हातघाईवर आली आणि आम्ही दोघे नदीत पाय सोडून बसलो. बारके मासे टाचांना गुदगुल्या करत होते. भट म्हणाले, "लग्न तुमच्याच दारात करा हो. आमच्या अंगणाला उतार आहे." मी म्हटलं, "छे, तुमच्याच!" यावर अर्धा तास पुन्हा भांडलो, पण गोडीत. अक्का, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. (वाट शेवटी एका मध काढणाऱ्याने दाखवली. ती सरळ होती.)

आपला,
सुब्राय

ता. क. : साखरपुडा होणार नाही. पोरांचं भांडण नकाशावरून नोकरीवर, नोकरीवरून बिऱ्हाडावर गेलं आणि चौथ्या दिवशी दोघांनी शांतपणे लग्न मोडलं. सिंधूरा बरी आहे, दोन वेळा जेवते. भागीरथीला मात्र मी काहीच सांगितलेलं नाही, आणि ती फक्त तुमचं ऐकते. सोमवारी साड्या फॉलला जायच्या आत येऊन सांगाल का? मी त्या दिवशी घरी नसेन.

आणखी ता. क. : मार्गशीर्षात मी आणि भट शरावतीच्या खोऱ्यात आठ दिवस जातोय. पोरांना नेणार नाही. इतके दिवस एकत्र काढायचे म्हणजे स्वभाव जुळावे लागतात.