जळकोटच्या गाडीचा सेल्फ

१८ नोव्हेंबर १९८५, सोमवार

टक्! बटण दाबलं की नुसतं टक्. पुढं काही नाही.

आज दीड महिन्यानं वर्कशॉपचं दार कुणीतरी वाजवलं. मला वाटलं वारा. यंदा ऊस नाही, पाणी नाही, हंगाम बंद. कारखान्याचा भोंगा एकदाही वाजला नाही. बाकीचे फिटर कुणी गावी, कुणी पुण्याकडं. मशिनरीला गंज चढू नये म्हणून एकट्या मला ठेवलंय. मी रोज तेल देतो, पुसतो, आणि वर्कशॉपच्या कोऱ्या लॉगबुकात हे लिहितो. बायको मुक्ता गेली त्याला सहा वर्षं झाली. पोरगी नांदेडला दिली. घरी जाऊन तरी काय करू?

दारात जळकोटचे शिवलिंगप्पा. कारखान्याचे जुने सभासद, वय पासष्टच्या पुढं. गाडी घरून ढकलून चालू केली, इथं येऊन बंद केली, आता सुरू होईना.

"सेल्फ बिघडलाय, बाबू मिस्त्री. मला कीक मारता येत न्हाय."

गाडी म्हणजे जपानी मोटरसायकल, बासष्ट सालची. बहात्तरच्या दुष्काळात बोअर पाडायला आलेला परदेशी साहेब जाताना अप्पांना देऊन गेला. त्याच दुष्काळात विहिरीचा गाळ काढताना अप्पांचा उजवा गुडघा गेला, तो वाकतच नाही. म्हणजे सेल्फ नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर अप्पा घराच्या ओट्यावर.

मोटर खोलली. आत करंट पोचवणारा एक कार्बन झिजून नखाएवढा राहिलेला. ह्या गाडीचा कार्बन आता मुंबईतही मिळायचा नाही! पंपाच्या मोटरीचा मोठा कार्बन घेतला आणि कानशीनं घासत घासत मापात आणला. अडीच तास. अप्पा स्टुलावर बसून बोलत होते. मी ऐकत होतो. बटण दाबलं — घुर्रर्र! म्हातारा पोरासारखा हसला.

जाताना कॅरिअरवरचा कॅन सोडून मला दिला. "माझ्या हिरीचं पाणी हाय. ते ट्यांकरचं पिऊ नगं." स्वतः मात्र माझ्या माठाला शिवले नाहीत, स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. बरं. जुनी माणसं.

२० नोव्हेंबर

पाणी गोड आहे. पुरवून पुरवून पितोय.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

अप्पा परत. सेल्फ परत टक्!

माझी तर मान खाली. आधी कार्बनच बघितले. ठणठणीत. बॅटरी चांगली. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, सेल्फ मात्र मेलेला. बॅटरीपासून मोटरला थेट वायर लावली, तरी काही नाही. मग दुसरी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाला टेकवली — घुर्रर्र! म्हणजे अर्थिंग गेलेलं. चेसिसवरचा अर्थिंगचा नट बोटानं फिरत होता. दिव्याला जेमतेम करंट पुरतो, सेल्फला भरपूर लागतो. नट सैल असला की दिवा फसवतो आणि मिस्त्री फसतो.

आवळला. वर निळी रेघ ओढली. ही आमच्या उस्तादांची शिकवण. नट पक्का केला की नट आणि पत्रा दोन्हींवरून एक रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. उस्ताद वार्निशमध्ये शेंदूर कालवायचे. मी कपड्याची नीळ कालवतो. शेंदूर देवांना असू दे, आम्हाला निळा बरा!

अप्पांच्या चपलेत बाभळीचा काटा रुतला होता. डिकीतून लाल दांड्याची छोटी पक्कड काढून त्यांनीच उपसला. मग पायरीवर बसून काट्याकडं बघत म्हणाले, "कारखाना चालू व्हता तवा हितं किती आवाज असायचा, न्हाय का?"

मी म्हटलं, व्हय अप्पा. कानात बोळे घालायचो तेव्हा. आता तो आवाज पाहिजे वाटतो.

३ डिसेंबर

काही नाही. तेल दिलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. गेल्या वर्षी ह्याच खोलीत आम्ही चाळीस जण होतो, पोरंटोरं धरून. आज वंदना एकट्यानं म्हटली. आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत आला. मधेच थांबलो. मग म्हटलं पूर्ण करावी. केली.

मेणबत्ती संपेपर्यंत बसून राहिलो.

९ डिसेंबर, सोमवार

तिसऱ्यांदा! तोच नट! रेघ बरोबर मधून तुटलेली.

फार संताप आला. पंचवीस वर्षं मिलचे रोलर बसवणारा माणूस मी, आणि एका बोटभर नटानं इज्जत घालवावी? इंजिन थरथरतं, नट सुटतो, दुसरं काय असणार. इंजिनाचे बोल्ट तपासले. तेही घट्ट. जिभेवर शिव्या येत होत्या, अप्पांसमोर गिळल्या.

अप्पा मात्र खुशीत. "मशीन हाय, सैल व्हायचंच. त्यात तुझा काय दोष?"

परत आवळला, नवी रेघ ओढली. अप्पांनी चार वर्षांपूर्वी बायको गेली ते सांगितलं. दोन्ही पोरं सोलापुरात. "घरात रेडू हाय, पर त्यो आपलंच बोलतो. आपलं काय ऐकत न्हाय." मी हसलो. नंतर वाटलं, हसायला नको होतं.

मग म्हणाले, "बाबू, पाणी दे."

बाटली शेजारीच होती, निम्मी भरलेली. मी बाटलीकडं बघितलं. ते म्हणाले, "तुझ्या माठातलं दे की."

दिलं. माझ्याच ग्लासातून प्यायले. गटागटा, वर बघत. मी कानस घेऊन उगाच काहीतरी घासत बसलो. काय घासलं ते आता आठवत नाही.

१० डिसेंबर

तो ग्लास धुवायला हात होईना. शेवटी धुतला. येडा आहे मी.

१७ डिसेंबर, मंगळवार

चौथ्यांदा आले. परत तोच नट सैल. आज ठरवूनच ठेवलं होतं — एकदाचा निकाल!

जुना नट काढून ट्रेमध्ये टाकला. नवा बोल्ट, स्प्रिंग वॉशर, नटावर नट, आणि वरून पत्र्याचं झाकण रिबिटं मारून बंद. वीस वेळा बटण दाबलं. वीसही वेळा घुर्रर्र! असलं काम मी कारखान्यातसुद्धा क्वचित केलं असेल. छाती फुगवून म्हटलं, "अप्पा, इंजिन फुटंल, पर ह्यो नट हलायचा न्हाय!"

अप्पा झाकणावरून हात फिरवत राहिले. "म्हंजी आता यायचं कामच न्हाय की."

"न्हाय! आता वरीसभर माझं तोंड बघायची गरज न्हाय तुम्हाला!"

"झ्याक केलंस," म्हणाले. चहा अर्धाच प्यायले. मी म्हटलं म्हाताऱ्याला उशीर होत असेल. पाण्याचा भरला कॅन इथंच ठेवून गेले.

२२ डिसेंबर, रविवार

कॅन संपला. परत टँकरचं पाणी. गढूळ.

२६ डिसेंबर

पोरीचं पत्र. मजेत आहे. "बाबा, एकटं राहू नका" असं लिहिलंय. बरं, नाही राहत!

३० डिसेंबर, सोमवार

टँकरवाला उत्तरेश्वर जळकोटवरूनच येतो. त्याला विचारलं, अप्पांची गाडी कशी आहे? म्हणाला, "बटण दाबलं की चालू! लई तारीफ करतेत तुमची. पर गाडी ओट्याला टेकवून ठिवलेली आसती. कुठं जात न्हाईत आता. बसून आसत्यात."

मी म्हटलं, तब्येत?

"तब्येतीला काय झालंय? कुठं जायचं, म्हंत्यात."

३ जानेवारी १९८६, शुक्रवार

आज रिकामपणी ट्रे रॉकेलनं धुतला. तो जुना नट हाताला लागला. त्याच्यावर दोन निळ्या रेघांचे तुकडे. ग्रीस निघाल्यावर खालचं लोखंड लख्ख झालं.

नटाच्या कडांवर दात उमटलेले. बारीक, आडवे. पक्कडीचे दात!

नटाला पक्कड मी कधीच लावत नाही. शिकत होतो तेव्हा उस्तादांनी एकदा लावताना पकडलं होतं, कानाखाली आवाज काढला होता. थरथरून सुटलेल्या नटावर दात उमटत नाहीत. आणि दात एका बाजूचे नव्हते. नटाच्या कडा पार बोथट झालेल्या. पाना वापरायची सवय नसलेल्या हातानं, पुन्हा पुन्हा, झटून फिरवलेला नट.

लाल दांड्याची पक्कड. डिकीतली.

गुडघा वाकत नाही त्यांचा. त्या नटापर्यंत हात जायला जमिनीवर आडवं पडावं लागतं. आडवे पडले असतील अप्पा. आपल्याच अंगणात, आपल्याच गाडीखाली. मग परत उठायला किती वेळ लागला असेल!

आणि मी झाकण घातलं. रिबिटं मारून.

ट्रेसमोर बसून रडलो. लिहायला लाज वाटत नाही, इथं वाचणार कोण आहे!

४ जानेवारी, शनिवार

उद्या सकाळच्या एसटीनं जळकोटला जातोय. पिशवीत रिकामा कॅन, छिन्नी, हातोडी आणि दहाचा पाना. रिबिटं उडवायची, दोन्ही नट ढिले करून यायचं. अप्पांनी विचारलं तर सांगेन — काम कच्चं राहिलं होतं.