शेवटची एकतीस पानं

वाटूर,
शनिवार, दुपार

आदरणीय पुंजाराम दाजी यांस,
राजानंदचा सविनय जयभीम.

ताईचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर आटोक्यात आहे ना? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण मी ठीक नाही. गेल्या रविवारपासून माझं डोकं तापलेलं आहे आणि ते कुणावर तरी ओतल्याशिवाय थंड होणार नाही. घरात ओतलं तर जेवायला मिळणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहीत नाही, कारण तिथे काहीही लिहिलं तरी तुम्ही अंगठा पाठवून मोकळे होता. (मोठी मावशी गेली तेव्हाही आधी अंगठाच आला होता. ताई ओरडल्यावर हात जोडलेले आले.)

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष साहेबराव आता तुमच्या चांगल्या ओळखीचे झाले आहेत. फाट्यावर त्यांचं सिमेंट-सळईचं दुकान आहे. वाचनालयातून त्यांनी आजवर एकच पुस्तक नेलं, ते दुकानातल्या टेबलाच्या पायाखाली द्यायला. त्याला सहा वर्षं झाली, टेबल अजून हललेलं नाही आणि पुस्तकही. तर या माणसाने महिन्यापूर्वी वाचनालयाच्या दारावर फ्लेक्स लावला, ‘आगामी कार्यक्रम’. मधोमध स्वतः, कानाला मोबाइल लावलेला, भोवती कार्यकारिणीचे अकरा फोटो. त्यातून उरलेल्या जागेत कार्यक्रम. बालवाचन कट्टा, युवा वाचन मंच, ग्रंथदिंडी, कविसंमेलन, लेखक आपल्या भेटीला. (लेखक कोण ते ठरलेलं नाही, भेटीची तारीख मात्र पक्की आहे.) प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, मनोगत, उर्वरित सत्कार, अध्यक्षीय समारोप, आभार. मी विचारलं, यात वाचन कुठे आहे? तर म्हणाले, वाचायचं काय, ते घरी कुणीही वाचतं.

आता हा माणूस त्याच फ्लेक्सवर ‘महिला वाचन गट, भव्य उद्घाटन’ असं छापतो तेव्हा मला राग येणार की नाही, तुम्हीच सांगा. महिला वाचन गट आमच्याकडे दिवाळीपासून चालू आहे! दर गुरुवारी चार वाजता नऊ बाया येतात. त्यांतल्या सोनूबाईंची सून भावना बी. ए. झालेली आहे, ती वाचते, बाकीच्या ऐकतात. ना फ्लेक्स, ना माइक. एक सतरंजी, एक पाण्याचा जग आणि एकच कादंबरी. दोन बहिणींची गोष्ट आहे. वीस वर्षांचा अबोला, आणि शेवटी थोरली एसटीत बसून धाकटीच्या दारात जाते. बाया त्यात अशा गुंतल्या आहेत की दोन तट पडलेत. अर्ध्या म्हणतात थोरलीने कडी वाजवावी, अर्ध्या म्हणतात आल्या पावली परत फिरावं. परत फिरण्याच्या बाजूला कांताबाई आहेत. कांताबाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, साठ वर्षं दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली, पण भावनाने कंटाळून अर्धं पान गाळलं तर तिथेच हात वर करतात आणि मधला माणूस कुठे गेला म्हणून विचारतात. सतरा वर्षांत माझ्या वाचनालयाला इतका पक्का वाचक मिळालेला नाही, आणि त्यांना अक्षर येत नाही. येत्या शुक्रवारी त्या मुलीकडे पुण्याला जाणार आहेत, नातू सांभाळायला. किती वर्षांसाठी ते कुणालाच माहीत नाही. म्हणून ठरलं होतं की उरलेली एकतीस पानं या दोन गुरुवारांत संपवायची. थोरली बहीण दारापाशी पोचलेली आहे आणि हात कडीकडे गेला आहे, तिथे आम्ही थांबलोय.

अशा चालत्या गटाचं रविवारी उद्घाटन झालं. ज्या दारातून त्या बाया पाच महिने आत-बाहेर करतात त्याच दाराला लाल फीत बांधली आणि फीत कापेपर्यंत त्यांना बाहेर उन्हात उभं केलं. वर गुलाबी फेटे बांधले. कांताबाईंचा फेटा डोळ्यांवर येत होता, त्या तो सारख्या वर सारत होत्या, आणि फोटोवाला म्हणत होता, मावशी हात खाली. प्रमुख पाहुणे तुम्ही, आणि तुमची गाडी सव्वा तास उशिरा आली (त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, रस्त्याचं काम चालू आहे). मग तुमचं भाषण झालं. ‘वाचनसंस्कृती : काल, आज आणि उद्या’ यातला उद्या येईपर्यंत मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, पण भाषण उत्तमच झालं. मग सत्कार. अडीच तासांत वाचन गटाच्या उद्घाटनात कुणी एक ओळ वाचली नाही. आभाराची यादीसुद्धा साहेबरावांनी पाठ म्हटली.

आणि आता मुद्द्यावर येतो. साहेबरावांनी कुठेतरी ऐकलंय की हल्ली पाहुण्यांना हार-गुच्छ न देता पुस्तक देतात. विचार चांगला आहे, देणाऱ्याने पुस्तक विकत आणलं तर. जालन्याहून यायचं पार्सल आलं नाही, तेव्हा ते मला म्हणाले, कपाटातलं एखादं बरं दिसणारं काढा आणि गुंडाळा. गुरुवारी चार वाजता बाया सतरंजीवर बसल्या. भावनाने कपाटात हात घातला आणि पुस्तक नाही. वरचा कप्पा, खालचा कप्पा, माझं टेबल, सगळं पाहून झालं. मग माझ्या लक्षात आलं. वाचन गटाच्या उद्घाटनात आम्ही वाचन गटाचंच पुस्तक प्रमुख पाहुण्यांना, म्हणजे तुम्हाला, देऊन टाकलं होतं! (ते नेमकं कुणाच्या हातून निघालं या खोलात आत्ता जात नाही.) साहेबरावांना सांगितलं तर म्हणतात, एवढं काय, दुसरं वाचा, कपाट भरलेलं आहे. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. कालपासून जालन्यातली दोन दुकानं फोनवर विचारून झाली, ती कादंबरी आता छापत नाहीत म्हणतात. गुरुवारी बाया तासभर तशाच बसल्या होत्या. मग कांताबाईंनी स्वतःच सतरंजीची घडी घातली, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

तरी दाजी, दिलेली वस्तू परत मागणं आपल्या घराण्यात बसत नाही आणि मी मागणारही नाही. तुमच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. मन मोकळं करायला एवढं लिहिलं. ताईला नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद. हे पत्र साहेबरावांच्याच टेम्पोवाल्याच्या हाती देतोय, तो रोज तुमच्या जुन्या जालन्यात माल घ्यायला येतो. म्हणून पाकीट डिंकाने चिकटवून वर चिकटपट्टीही मारली आहे.

आपला मेव्हणा,
राजानंद

ता. क. पुस्तक परत पाठवा. याच टेम्पोवाल्याच्या हाती, आजच. ताईला मी सकाळी फोन केला होता. ती म्हणाली की तुमच्या शोकेसमध्ये एकवीस पुस्तकं आहेत, सगळी सत्काराची, सगळी कागदातच. आमचं खालून दुसरं, सोनेरी कागदाचं. आठवडाभर कागद फाडावासा वाटला नाही आणि आम्हाला वाचनाचा उद्या सांगून गेलात. उघडलं असतंत तर पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का दिसला असता.

ता. क. २. वरचं वाचून तुम्ही रागावण्याआधी हेही वाचा. ते पुस्तक कपाटातून मीच काढलं. भावनाने त्याला जपून गुळगुळीत रंगीत कव्हर घातलं होतं, त्यामुळे सगळ्यांत नवं तेच दिसलं. सतरा वर्षं ग्रंथपाल आहे दाजी, आणि मीही ते उघडून पाहिलं नाही. सोनेरी कागद लावला, रिबिनीची गाठसुद्धा मारली. बायांना अजून वाटतं की हे साहेबरावांनी केलं, आणि मी त्यांना तसं वाटू दिलंय. गुरुवारी सांगणार आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलं, कारण आत्ताच कांताबाई येऊन गेल्या. पुस्तक तुमच्याकडून टेम्पोने परत मागवतोय हे कळल्यावर त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो.

“पाव्हण्याला म्हणावं, पुस्तक टेंपोत धाडू नका. त्या दिवशी वाचनावर घंटाभर बोलून राह्यले होते, आम्ही फेटे बांधून ऐकलं. आता गुरुवारी या अन् तुम्ही वाचून दाखवा. आम्ही आहोत ऐकायला.”

तेव्हा पहिला ता. क. रद्द समजा, पुस्तक टेम्पोवाल्याकडे देऊ नका. गुरुवारी दुपारी चारला स्वतः घेऊन या. फीत नाही, फेटे नाहीत, साहेबरावांना कळवलेलं नाही. खुर्ची मिळणार नाही, सतरंजीवर बसावं लागेल. चष्मा आणा आणि एकही ओळ गाळू नका, कांताबाईंना लगेच कळतं. आणि येताना गाडी उशिरा काढू नका, दाजी, त्यांची पुण्याची एसटी शुक्रवारी सकाळी सहाची आहे.